८०८० नंबरचं दार

"बाबा, हे ८०८० वर काय बसवून ठेवलंय तुम्ही?"

स्वानंद कॉम्प्युटरसमोर वैतागला होता. पुण्याच्या कंपनीने घरून काम दिल्यापासून वडिलांचा कॉम्प्युटर त्याचा झाला होता, खुर्चीसकट. कंपनीचं सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या बंद डब्यात यायचं. डब्याला बाहेर बोलायला पोर्ट, म्हणजे नंबराचं एक दार लागायचं. ८०८० नंबरचं दार आधीच अडवलेलं होतं.

"पाण्याचं पान आहे आपलं," श्रीपती म्हणाले. "उद्या सकाळचं पाणी आहे. टाकलंय मी."

"बरं, बघतो."

निवृत्त कारकून श्रीपतींनी साठीनंतर शिकून हे पान केलं होतं. व्हॉल्व्ह उघडणारा कडूबा त्यांना फोन करायचा, ते वेळ टाकायचे आणि भोकरदनच्या त्यांच्या गल्लीतल्या बायका मोबाइलवर बघून हंडे मांडायच्या. एवढंच. पण जन्मभर 'अहो क्लार्क' ऐकलेल्या माणसाला त्यापायी लोक 'पाणीवाले काका' म्हणायला लागले होते, आणि त्याचा त्यांना केवढा आनंद!

स्वानंदने पान बंद केलं आणि त्या दारावर कंपनीचा डबा बसवला. खरं तर स्वतःच्या डब्याला ८०८१ दिला असता तर दोन्ही सुखाने चाललं असतं. एवढं त्याला नक्की कळत होतं. पण वडिलांच्या खेळण्यासाठी कोण हात हलवतो?

सकाळी पाणी आलं आणि गेलं. मग गल्लीतली वंदना दारात आली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला.

"काका, तुमचं पान उघडलं तर इंग्रजीत पासवर्ड मागून राह्यलं. आम्हाला वाटलं, आज पाणी न्हाई. आता ह्यांचं अंग पुसू कशानं?"

श्रीपतींनी आत पाहिलं. स्वानंदने कानांवर हेडफोन चढवले.

"माझ्याच हातून बंद पडलं," श्रीपती म्हणाले.

"जमत न्हाई तर मंग करता कशाला?"

ती गेल्यावर हेडफोन उतरले. "बघा बाबा. म्हणून म्हणतो, नसते उद्योग सोडा."

"तुझा नंबर बदलता आला नसता?"

"आला असता की. पण तुमच्यासाठी मी कंपनीचं काम बदलू?"

पान पुन्हा सुरू झालं नाही.

पुढच्या पाण्याला कडूबाचा फोन आला. "काका, पाणी सोडून राह्यलो. बायांना सांगा जल्दी!"

श्रीपती तसेच अनवाणी वंदनाच्या दारात गेले.

"पाणी येऊन राह्यलंय, वंदना."

"राहू द्या काका. आमचं आम्ही बघतो आता." तिने दार लोटून घेतलं. दुसऱ्या दारापर्यंत जायला त्यांचा पाय उचलला नाही.

घरी येऊन त्यांनी अंगणातल्या नळाखाली हंडा लावला. पाणी आलं, रिकाम्या हंड्यात धो धो वाजायला लागलं.

"बाबा!" आतून स्वानंद ओरडला. "तो नळ बंद करा आधी. मीटिंगमध्ये आवाज जातोय."

हंडा अर्धाही भरला नव्हता. श्रीपतींनी नळ बंद केला.