साठ हजारांची बोली

"तीस," जुबेर म्हणाला, आणि हातातला चहाचा कप न पिताच सतरंजीवर ठेवला.

संगप्पांच्या आडत दुकानात बसलेल्या सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. लक्ष्मीबाईंनी नुकतेच पंधरा म्हटले होते, तेही जीव मुठीत धरून. पंधराच्या वर माणूस सोळा म्हणतो, फार झालं तर अठरा. हा पोरगा एकदम तीसवर जाऊन बसला.

उदगीरच्या मोंढ्यातली ही भिशी वीस नंबरांची. दर महिन्याला प्रत्येकानं दहा हजार आणायचे, दोन लाख जमायचे. ज्याला नड असेल त्यानं बोली लावायची. जो सगळ्यात जास्त पैसे सोडायला तयार, त्याला उरलेली रक्कम मिळायची, आणि सोडलेले पैसे विसाही नंबरांत सारखे वाटले जायचे. उचलून झालं की शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ते मात्र भरत राहायचे. म्हणजे घाईवाल्यानं तोटा सोसायचा आणि धीराच्या माणसानं तो खायचा, इतका साधा मामला. जुबेरनं या भिशीत दोन नंबर घेतले होते. पहिला त्यानं पहिल्याच महिन्यात, मशीन घ्यायचीय असं सांगून, पन्नास हजार सोडून उचलला होता. आज पाचवा महिना, आणि तो दुसऱ्या नंबरासाठी सकाळच्या एस.टी.नं लातूरहून आला होता.

उद्या सोमवार. लातूरच्या दोन भिश्यांचे हप्ते, झेरॉक्सच्या दुसऱ्या मशीनचा हप्ता, आणि एका खासगी सावकाराचं महिना दहा टक्क्यांचं व्याज, सगळं उद्याच. आजचे पैसे हातात पडले नाहीत तर उद्या दुपारपर्यंत लोक दुकानाच्या पायरीवर येऊन बसणार होते. त्यानं आकडे मनात इतक्यांदा फिरवले होते की आता ते त्याला झोपेतही पाठ होते.

"पस्तीस," लाँड्रीवाले मडिवाळप्पा उगीच गंमत म्हणून बोलले.

"पंचेचाळीस."

"अरं बाबा, दमानं," संगप्पा हसले. "दोन लाखांची भिशी हाय, तुझ्या दुकानातला कागद न्हाई."

सगळे हसले. जुबेरही हसला. मोठा धंदेवाला हसतो तसं हसायला तो या दोन वर्षांत शिकला होता. समोर तुरीच्या पोत्याला टेकून त्याचे अब्बा, जहांगीर टेलर, डोळे मिटून बसले होते. ते नेहमी असेच बसत. बोलीशी त्यांना काही देणंघेणं नसे. तीस वर्षांत त्यांनी एकदाही भिशी मधे उचलली नव्हती. त्यांचा नंबर शेवटचा, हे गावानं गृहीतच धरलेलं.

आणि काय सांगावं, त्या शेवटच्या नंबरानं जुबेरचं सगळं लहानपण उजळून टाकलं होतं! तेव्हा भिशी अब्बांच्या दुकानात बसायची, हप्ते शंभर-शंभरचे. शेवटचा महिना आला की अम्मी सकाळपासून घर झाडून ठेवायची, कारण संध्याकाळी घरात काहीतरी नवं येणार असायचं. भूकंपाच्या साली भिंतीला गेलेली चीर शेवटच्या नंबरानं बुजली. जुबेर त्याच वर्षी जन्मला, त्यामुळे ही गोष्ट त्यानं फक्त ऐकलेली. पण पुढची सगळी त्याच्या डोळ्यांदेखत. शिलाई मशीनला मोटार बसली त्या दिवशी गल्लीतली पोरं घरघर ऐकायला दाराशी जमली होती. मग छताचा पंखा आला. अम्मीनं तो पहिले दोन दिवस फक्त पाहुणे आल्यावर चालवला. आणि दहावीला ब्याण्णव टक्के पडले त्या वर्षी शेवटच्या नंबराचे पैसे घेऊन अब्बा त्याच्याबरोबर लातूरला गेले होते. क्लासच्या काउंटरवर नोटा ठेवताना त्यांनी टोपी नीट केली होती. जुबेरला ती टोपी नीट करणारी बोटं अजून दिसत.

डॉक्टर काही तो झाला नाही. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. पण लातूर सुटेना. दर जूनमध्ये गावोगावची पोरं ट्रंका, गाद्या घेऊन उतरायची, आणि त्यांना नोट्स लागायच्या. त्यानं क्लासेसच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. इथंच थांबला असता तर कशाला ही कथा सांगायची वेळ आली असती! पण शेजाऱ्यानं दोन मशीन लावल्या म्हणून यानंही दुसरी आणली, वर पोरांना ठेवायला एक मजला भाड्यानं घेतला. दोन्हींचे हप्ते थकले, म्हणून भिशी उचलली. तिचे हप्ते भरायला दुसरी, दुसरीचे भरायला तिसरी. याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि घरी विचारलं की, "मस्त चाललंय, अब्बा."

"पन्नास," तो म्हणाला.

मडिवाळप्पांनी हात वर करून माघार घेतली. त्यांना त्यानं जामीन राहण्यासाठी कालच फोनवर पटवून ठेवलं होतं. संगप्पांनी पेन उचललं. "पन्नास एकवार. पन्नास दोनवार..."

"साठ."

आवाज पोत्याकडून आला होता. अब्बांनी डोळे उघडले होते.

बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या नीलम्मा तोंडातलं पान चघळायचं विसरल्या.

"जहांगीरभाई, तुम्ही?" संगप्पा म्हणाले. "पंधरा महिने बाकी हायत अजून. थांबलात तर भरून पावाल की."

"नड हाय."

जुबेरचं डोकं सणकलं. अब्बांना आजच कशाची नड आली? त्याच्या वर जायचं तर साठाहून जास्त सोडावे लागणार, आणि तेवढे सोडले तर उद्याचं भागत नव्हतं. बापाचा इतका राग त्याला कधी आला नव्हता. त्यानं पुढं बोली लावली नाही. संगप्पांनी तीन वेळा म्हटलं आणि बोली जहांगीर टेलरच्या नावावर झाली.

"जामीन कोण?"

या भिशीचा रिवाज असा की उचलणाऱ्यानं सभासदांपैकी एकाचंच नाव घ्यायचं. त्या माणसानं उठून, वहीवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत 'माझा शब्द' म्हणायचं आणि मग सही करायची. नुसत्या सहीला इथं किंमत नव्हती.

"जुबेर," अब्बा म्हणाले.

"घरचाच जामीन? बरं हाय की," मडिवाळप्पा म्हणाले. "लातूरचा शेठ हाय तो."

संगप्पांनी वही पुढं सरकवली. जुबेर उठला. चार पावलांचं अंतर. वहीवर हात ठेवला. त्यानं अब्बांकडं पाहिलं. अब्बा त्याच्याकडं बघत होते, पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं; गिऱ्हाइकाचं माप घेताना असायचं तसंच शांत. दोन शब्द म्हणायचे आणि खाली बसायचं, एवढंच होतं. आजवर त्यानं याहून कितीतरी मोठ्या थापा मारल्या होत्या.

"काका," तो म्हणाला, "माझा शब्द चालायचा न्हाई."

"म्हंजे?"

"माझ्यावरच साडेचार लाख हायत. लातूरच्या दोन भिश्या उचलून बसलोय. सावकार हाय. उद्याला द्यायला एक रुपया न्हाई. मी कुणाचा जामीन ऱ्हाऊ?"

बोलून झालं आणि त्याला रडू आलं. सव्वीस वर्षांचा दाढीवाला माणूस, आडत दुकानाच्या मधोमध उभा राहून बाहीनं डोळे पुसत होता. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं.

नीलम्मांनी पान थुंकलं आणि परत येऊन बसल्या. "पहिल्या महिन्यात तू पन्नास सोडलास," त्या हळूच म्हणाल्या. "अडीच-अडीच हजार आले आमच्या वाट्याला. मी नातीला पैंजण केले त्याचे. अरं, सांगायचं न्हाईस का रे!"

संगप्पांनी चष्मा काढून पुसला. "जामीन उभा न्हाई, तर बोली कच्ची. जहांगीरभाई, तुमचे साठ बाद झाले." मग ते जुबेरकडं वळले. "त्याच्या खाली तुझे पन्नास हायत. कायद्यानं तुझा हक्क हाय, मी न्हाई म्हणू शकत न्हाई. बोल."

अजूनही मिळत होते. मडिवाळप्पा मान खाली घालून बसले होते, पण दिलेल्या शब्दाला ते जागले असते. उद्याचा सोमवार निघाला असता. पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात.

"माझी बी कच्ची धरा," जुबेर म्हणाला.

मडिवाळप्पांनी आपले गमतीचे पस्तीस मागं घेतले. भिशी पंधरावर लक्ष्मीबाईंना गेली, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसातशे आले, आणि कोणी कुरकुर केली नाही.

नंतर संगप्पांनी त्याला कोरा कागद दिला आणि एकेक नाव लिहायला लावलं. मडिवाळप्पांच्या ओळखीत अहमदपूरला एक जण जुनी मशीन शोधत होता. वरचा मजला सोडायचा, आधी व्याजाचा सावकार फेडायचा, उचललेल्या भिश्या रडतखडत का होईना चालू ठेवायच्या, नवी एकही नाही. उद्या पायरीवर येतील त्यांना तोंड दाखवून महिन्याची मुदत मागायची. "तीन वर्षं जातील," संगप्पा म्हणाले. "जाऊ देत."

बापलेक घरी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. मोंढ्याच्या रस्त्यावर सांडलेल्या हरभऱ्यावर पारवे उतरले होते.

"तुम्हाला कवापासनं ठाऊक होतं?" जुबेरनं विचारलं.

"पहिल्या महिन्यापासनं. मशीन घेणारा माणूस पन्नास सोडत न्हाई बेटा."

"मग विचारलं का न्हाई?"

"विचारलं की. दर खेपेला विचारलं. तू म्हणायचास, मस्त चाललंय."

जुबेरनं नावांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्याच्या डोक्यात आलं ते विचारायची त्याला भीती वाटली, तरी त्यानं विचारलं.

"अब्बा, मी तिथं हात ठेवून शब्द दिला असता तर?"

"तर साठ हजार गेले असते," अब्बा म्हणाले. "जाऊ दे, पैसाच हाय. सकाळी दुकान उघडलं असतं." ते दोन पावलं चालले. "दर जुम्म्याला तुला फोन करतो, तो मात्र पुन्हा केला नसता."

जुबेर रस्त्यातच उभा राहिला. अब्बा पुढं चालत राहिले, पण हळू.