दांड्यावर आधी कोण

शर्यत चार वाजता ठेवायची हे ज्या बैठकीत ठरलं, तिला सातही बोटींचे मालक जातीने हजर होते. पर्यटन कार्यालयाच्या बाईंनी वेळ विचारली. पाहुणे जेवून जरा पडतील आणि मग धक्क्यावर येतील, तेव्हा चार बरे, असं कुणीतरी म्हणालं. उजेडही त्या वेळी चांगला असतो, अशी फोटोवाल्याने पुस्ती जोडली. मग व्यासपीठावर कोण कोण बसणार हा विषय निघाला आणि उरलेली बैठक त्यातच गेली. भरती-ओहोटीचं नाव एकानेही काढलं नाही. ही माणसं एरवी पाण्याची वेळ बघितल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाहीत. पण भरती-ओहोटी कामासाठी बघायची असते. हा तर उत्सव होता. उत्सवालाही तोच समुद्र लागणार आहे, हे सातांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

थोरलीच्या लक्षात आलं. पण तिला बैठकीला बोलावलं नव्हतं. नंतर कुणी विचारलं नाही, म्हणून तीही बोलली नाही.

थोरली ही भोंग्याची मुलगी. इंजिन चालू असतानाही त्याचं बोलणं शेजारच्या बोटीवर ऐकू जायचं, म्हणून बंदरात त्याला भोंगा म्हणत. आवाज अजून तसाच होता, डोळे मात्र गेले होते. काचबिंदूने नजर कडेकडेने खात आणली होती, आणि आता गेलेली नजर परत येत नसते, सुकाणू सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात थोरलीच्या पाठचा एक मुलगा होता. धाकट्याला बापाचा आवाज पुरेपूर मिळाला होता, पोट मात्र आईच्या माहेरच्या कुणा दूरच्या शिंप्याचं आलं असावं. धक्क्याला बांधलेल्या बोटीवरसुद्धा त्याला ओकारी यायची.

महोत्सवाच्या आधल्या आठवड्यात जेवताना विषय निघाला.

"सुकाणूवर माणूस ठेवावा लागेल," बाबा ताट चाचपत म्हणाले. "बाहेरचा. पगारी."

"आणि मी?" थोरली म्हणाली.

"तू आहेस की. इंजिनावर."

"आठ वर्षं इंजिनावरच आहे."

"मग झकास चाललंय इंजिन. कशाला हलवायचं?"

आईने पातेलं जरुरीपेक्षा जोरात खाली ठेवलं.

"दांड्यावरून बोट आत आणता येईल तुला?" बाबांनी विचारलं.

"गेलं वर्षभर कोण आणतंय?"

"मी आणतोय. तू फक्त डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या म्हणतेस."

धाकट्याला हसू फुटलं आणि घास घशात अडकला. आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला तो थोडा बाबांनाही उद्देशून होता.

"बरं," बाबा म्हणाले. "महोत्सवाची शर्यत जिंक. मग बघू."

"बघू नाही," आई म्हणाली. "देईन म्हणा."

"देईन. पण बोट रुतवलीस तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," थोरली म्हणाली.

रुतणं ही या बंदरात साधी गोष्ट नव्हती. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांबलचक दांडा होता आणि त्यात एकच वाट, जेमतेम एका बोटीच्या रुंदीची. तीही दर मोसमात सरकायची. त्यामुळे नियम होता: दांड्यावर एका वेळी एकच बोट. पुढच्या बोटीने बांबूने तळ बघत सावकाश जायचं, पार झाल्यावर हात वर करायचा, मग मागच्याने निघायचं. दांड्यावर पुढच्याला ओलांडायचं नाही. नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भरतीच्या वेळी हे सगळं दोन मिनिटांचं काम असे. ओहोटीला मात्र पुढे जाणारा आपल्या जोखमीवर जायचा, आणि रुतला तर जन्मभर ऐकून घ्यायचा. आईचा सख्खा भाऊ, थोरलीचा मामा, तरुणपणी एकदाच रुतला होता. आता त्याला नातवंडं होती, स्वतःची दोन मजली बोट होती, तरी सगळं बंदर त्याला रुत्याच म्हणायचं.

महोत्सवाच्या दिवशी धक्का फुलून गेला होता. पाहुण्यांसाठी रंगीत छत्र्या, अग्निशामक दलाचा बँड, शाळेतल्या मुलींचा नाच, आणि व्यासपीठावर प्रमुख पाहुण्यांच्या दोन्ही बाजूंना ज्येष्ठ मंडळी. बाबा ज्येष्ठ म्हणून डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर होते. त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून आई शेजारी. माईकवर धाकटा.

"सातही बोटी सज्ज!" धाकटा गरजला, आणि पहिल्या रांगेतल्या एका पाहुणीने मांडीवरचं बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं.

शिट्टी झाली. सात इंजिनं एकदम ओरडली आणि बोटी नियमाप्रमाणे एकामागे एक दांडा मागे टाकून खुल्या पाण्यात झेपावल्या. जाताना अजून पाणी होतं. लांबच्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत यायचं आणि धक्क्यासमोर बांधलेली दोरी पार करायची, एवढीच शर्यत.

"कोण पुढे?" बाबांनी विचारलं.

"माझा भाऊ," आई म्हणाली.

"आणि आपली?"

"त्याच्या शेपटाला."

वळसा घेताना थोरलीने मामाला गाठलं. दोन्ही बोटी अगदी बरोबरीने परत येऊ लागल्या, मागून बाकीच्या पाच. पाहुणे उभे राहिले. बँडने वेग वाढवला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. आणि दांडा हाकेच्या अंतरावर आला तसा मामाने हात कपाळावर नेऊन समोरच्या पाण्याचा रंग पाहिला. इंजिनाचा आवाज उतरला. त्याच्या मागच्याचा उतरला. बघता बघता सातही बोटी दांड्याबाहेर ओळीने उभ्या राहिल्या, जणू कुणी दार उघडायची वाट बघत आहेत.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "इंजिनं का गप्प झाली?"

"थांबलेत सगळे."

"का?"

आईने पाण्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग नवऱ्याकडे. "चार वाजता शर्यत कुणी ठेवली हो?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "अरे देवा," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे पुटपुटणं होतं, पण ते मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

तिकडे पाण्यावर सभ्यतेला ऊत आला होता.

"जा की पुढे, तू पहिला होतास," एकजण मामाला म्हणाला.

"छे छे, आपण बरोबरच होतो. तूच जा."

"माझ्या बोटीचा तळ नवा आहे."

"माझा जुना आहे. जुन्याला जास्त जपावं लागतं."

"मामा, तुम्ही वडीलधारे," थोरली ओरडली. "आधी तुम्ही."

"वडीलधाऱ्यांनी लहानांना पुढे करावं," मामा ओरडला. "जा बाळा, माझा आशीर्वाद आहे."

धक्क्यावर पर्यटन कार्यालयाच्या बाई धाकट्याकडे आल्या. "हे काय चाललंय? लोक विचारतायत."

"थांबलेत, बाई."

"ते दिसतंय. काहीतरी बोला!"

धाकट्याने माईक उचलला. "मंडळी, आता आपण पाहत आहात ती... स्तब्धता." पाहुण्यांपैकी काहींनी टोप्या काढल्या. एका आजोबांनी बँडलाही गप्प बसवलं. ही शांतता खरोखरच परिणामकारक होती, पण दहा मिनिटांनंतर तिच्यातला भाव ओसरला आणि लहान मुलं भूक लागली म्हणू लागली. बँडने पुन्हा वाजवायला घेतलं. त्याच्याकडे तीनच चाली होत्या.

प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे उद्घाटन होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, बाईंनी हात जोडले. शेवटी असं ठरलं की बक्षिसाचा कप आत्ताच द्यायचा, म्हणजे फोटो तरी होईल.

"पण द्यायचा कुणाला?" प्रमुख पाहुणे म्हणाले.

"मला द्या," आई उठत म्हणाली. "पुढे दोघं होती. एक माझी मुलगी, एक माझा भाऊ. कुणीही जिंको, मी पोचवीन."

फोटो निघाला. आई कप मांडीवर घेऊन परत बसली.

पाण्यावर थोरली बोलायची थांबली होती. बोटीच्या कडेवरून तिने बांबू खाली सोडला, वर काढला, ओलाव्याची खूण पाहिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच केलं. ओहोटी जवळजवळ तळाला आली होती. आता पाणी आणखी उतरणार नव्हतं. जे काय होईल ते चढणारच. समुद्र सपाट होता, लाट नावालाही नव्हती. तिने इंजिन हळू टाकलं आणि बोट वाटेच्या तोंडात घातली.

"आपली निघाली," आई म्हणाली.

"एकटी?"

"एकटीच."

बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. "डावीकडे घे!" ते ओरडले. प्रमुख पाहुण्यांच्या जागी बसलेले गृहस्थ डावीकडे सरकले.

बोट वाटेच्या मधोमध आली, जिथे वाट सगळ्यांत अरुंद होती, आणि तिथे तिने इतक्या अलगद तळ टेकला की पाण्यावर तरंगही उठला नाही. थोरलीने इंजिन बंद केलं, हात पुसले आणि सुकाणूला टेकून बसली.

"थांबली," आई म्हणाली.

"रुतली?"

आईने मांडीवरचा कप पदराखाली घेतला.

"रुतली," बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि या वेळी खरोखरच कुणाला ऐकू गेलं नाही.

दांड्याबाहेर मामा आधी मनापासून हसला. भाचीचं आता नवं नाव पडणार, आपल्या डोक्यावरचं ओझं वाटून घ्यायला कुणीतरी आलं, असं त्याला वाटलं. मग पाणी चढायला लागलं. मामाला आत जावंसं वाटू लागलं. मग त्याला समोर वाटेच्या बरोबर मध्ये उभी असलेली बोट नीट दिसली.

"ए पोरी!" तो ओरडला. "मुद्दाम केलंस तू!"

"काय केलं, मामा?"

"बाजूला घे!"

"कशी घेऊ? टेकलीय ना."

"मग आम्ही यायचं कसं?"

"या की. ओलांडून या."

सहाच्या सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. दांड्यावर पुढच्याला ओलांडायचं, तेही अख्खा गाव आणि बाहेरचे पाहुणे बघत असताना! कुणीही जागचं हललं नाही.

"तुझ्या आईला सांगतो!" मामा म्हणाला.

"सांगा. ती धक्क्यावरच आहे."

तासाभराने पाण्याने थोरलीची बोट उचलली. ती बांबूने तळ बघत वाटेतून पुढे सरकली, पलीकडे पोचल्यावर तिने हात वर केला आणि दोरी पार केली. तिच्यामागून मामा, मग बाकीचे, एकामागे एक, पुरेसं अंतर ठेवून, शेवटच्या बोटीपर्यंत. शिल्लक राहिलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी शिस्तीची शर्यत आपण कुठे पाहिली नाही, असं एकाने बाईंना सांगितलं, आणि बाईंनी पुढच्या वर्षीही ती स्तब्धता ठेवायचं ठरवलं.

धक्क्याच्या पायऱ्यांवर बाबा काठी टेकत उभे होते.

"रुतवलीस," ते म्हणाले.

"जिंकले," थोरली म्हणाली.

"रुतवलीस तर विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं."

"जिंकले तर देईन, असंही ठरलं होतं," आई म्हणाली.

"दोन्ही कसं होईल? एकतर हे, नाहीतर ते."

मागून मामा पायऱ्या चढत आला. त्याचा चेहरा दुधात मीठ पडल्यासारखा होता. "भावोजी," तो म्हणाला, "रुतण्याच्या बाबतीत या बंदरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. कळतं का?"

"नाही," बाबांनी मान्य केलं.

"मी रुतलो तेव्हा बोट आडवी झाली, पंखा मोडला, दोन दिवस माणसं ओढत होती. हिने वाटेच्या ऐन मध्यावर, हवी तिथे, हवी तेव्हा टेकवली. आणि निघाली कशी, तर नखालासुद्धा धक्का नाही. मला नाही जमायचं." तो थांबला. "तुम्हालाही नाही जमायचं. डोळे होते तेव्हासुद्धा."

बाबा बोटीकडे वळले. दिसत काहीच नव्हतं, तरी वळले. वाकून त्यांनी बोटीच्या बाजूवर हात ठेवला आणि पाण्याच्या रेषेपर्यंत चाचपत गेले, पुढून मागे आणि मागून पुढे. खरचटल्याची एकही खूण हाताला लागली नाही. थोरली पायरीवर उभी राहून वाट बघत होती. धाकट्याने तेवढ्यात माईक बंद केला, हे नशीब.

"टेकवलीस तेव्हा ओहोटी संपली होती?" बाबांनी विचारलं.

"संपत होती. दोनदा बांबू घालून बघितला."

"आणि इंजिन?"

"आधीच हळू होतं. टेकल्यावर बंद."

बाबा बोटीवरचा हात काढून सरळ उभे राहिले. आईने कप या हातातून त्या हातात घेतला. निघायची वेळ ज्याच्या हाती सुकाणू त्याने ठरवायची, आणि बोटीवरच्या बाकीच्यांनी ती त्याला विचारायची, हा रिवाज होता. बाबांनी आजवर ती कुणाला विचारली नव्हती.

"उद्या कितीला निघायचं?" ते म्हणाले.

थोरलीने एकदा दांड्याकडे पाहिलं. "पाचला," ती म्हणाली. "आणि तुम्ही येऊ नका, बाबा. तुम्ही झोपा."

"ऐकलंस?" बाबा आईला म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की दोरी सोडणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. "मला झोपायला सांगते!"

"मग झोपा की," आई म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.