आक्काच्या थर्मासचं झाकण

सरकारी वकिलांच्या ऑफिसात शिरलं की पैल्यांदा दिसतो तो कारकून, आणि कारकुनाला दिसतं ते फकस्त कम्प्युटरचं तोंड. निशा समन्स हातात धरून टेबलाम्होरं उभी हुती. शेजारी आज्जी, सरुबाई, नवं लुगडं नेसून, पायातल्या चपला हातात घेऊन. चपला घालून सायबाम्होरं जायचं न्हाय ही तिची जुनी खोड. निशाला त्याचाच पैला राग.

"चपला घाल की गं."

"असूंदे."

"ओ सायेब, साक्षीला आलोय," निशा म्हणाली.

"बाहेर थांबा."

"मागल्या तारखंला बी बाहीरच थांबलोतो. सांजंला म्हणालासा, जावा घरी."

कारकुनानं मान वर केली. "मग आज आत बसून काय जज व्हायचंय? म्हातारीच्या आधारची झेरॉक्स आणलीय?"

"मागल्या टायमाला दिलीती की."

"ती मागल्या टायमाची. आजची आणा."

निशाच्या तोंडात शिवी आलती, ती तिनं कशीबशी गिळली. शाळा सोडून ती फौंड्रीत कोअर, म्हंजे साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे, करायला जायची. तिथला फोरमन म्हणायचा, ह्या पोरीचं डोस्कं भट्टीच्या आदी तापतंय. खोटं न्हवतं ते.

केस तशी सरळ हुती. उचगावच्या पुढं त्यांचं गाव. गावच्या फाट्यावर वडापावचा गाडा, आणि गाड्याला लागून सरुबाई भाजी-माळव्याची पाटी घेऊन बसायची. मागल्या साली तिथंच निशाच्या भावाची, प्रसेनजीतची, मोटरसायकल वरच्या आळीतल्या राजवीरच्या चारचाकीला जरा घासली. राजवीर खाली उतरला, जातीवरनं नको नको ते बोलला आणि डिकीतनं जॅकचा दांडा काढून पोराच्या कोपरावर घातला. पोरगं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायचं. आता हात सरळ होत न्हाय. भरती गेली ती गेलीच.

बघणारं समदं गाव हुतं. पण वडापाववाला कोर्टात म्हणाला, माझं तोंड कढईकडं हुतं. दुसरा एकजण पुण्याला गेला तो फोन उचलंना. ऱ्हायली एकटी सरुबाई. ती पिंजऱ्यात उभी ऱ्हायली तर केस ऱ्हाणार, न्हायतर राजवीर हलगी लावून गावात येणार.

कोर्टाच्या बाहीर बाकडं एकच. मारणाऱ्यानं आणि मार खाल्लेल्यानं दोघांनी त्याच्यावरच बसायचं, दुसरी सोय न्हाय. एका टोकाला राजवीर, पांढरा शर्ट, मोबाइलमधी तोंड. त्याच्या शेजारी त्याची आई. अख्खं गाव तिला आक्का म्हणायचं. मांडीवर थर्मास घेऊन बसलीती. निशानं आज्जीला दुसऱ्या टोकाला बसवलं.

"हितनं हलायचं न्हाय. कुणासंगट बोलायचं न्हाय. मी झेरॉक्स काढून येतो."

"मी काय ल्हान पोर हाय व्हय?"

झेरॉक्सच्या दुकानात रांग. निशा पळत परत आली आणि जिन्यातच थबकली.

आज्जी चहा पीत हुती.

आक्काच्या थर्मासच्या स्टीलच्या झाकणातनं. दोन्ही हातांनी धरून, फुंकर मारत, सावकाश. आणि आक्का तिच्या जवळ सरकून हसत कायतरी बोलत हुती. समोर ऑफिसच्या दारात कारकून उभा. त्यानं बघितलं, आज्जीकडं, मग निशाकडं, आणि गालातल्या गालात हसत आत गेला.

निशानं झाकण आज्जीच्या हातातनं काढून बाकड्यावर ठेवलं, तिचा दंड धरला आणि तिला कोपऱ्यात ओढत नेलं.

"लाज न्हाय वाटली? त्या माणसानं पोराचा हात मोडला, आणि तू त्यांचा चहा पितीस? झाकण भरून?"

"हळू बोल."

"का हळू? त्यांनी बोलवलं आणि तू सरकलीस! तुला चहाच पायजे हुता तर मी पाजला असता की बादलीभर!"

सरुबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या तोंडावर निशानं कधी न बघितलेलं कायतरी हुतं. लगीन ठरलेल्या पोरीगत.

"तुला काय कळतंय. माझं लगीन झाल्यापासनं त्या घरात मी माळवं घालतो. ह्या आक्काची सासू हुती तवापासनं. चहा मिळायचा, न्हाय असं न्हाय. पण परसात जास्वंदीच्या बुडात माझा कप उपडा घातलेला असायचा. कान तुटका. मीच काढायचा, मीच धुयाचा, मीच परत तिथं ठेवायचा. वरनं चहाची धार धरायची, आदी सासू, मग ही, शिवंल म्हणून." आज्जीनं बाकड्याकडं हनवटी केली. "आज पोरासाठी का हुईना, स्वतःच्या झाकणातनं दिला. चार माणसांत. मला बघायचं हुतं, देती का. दिला तिनं."

"म्हणून तू साक्ष फिरवणार?"

"कोण म्हणालं? चहा येगळा, साक्ष येगळी. मी बघितलंय ते मी सांगणार."

निशाला हसावं का बोंबलावं कळंना. रागानं तिनं नजर दुसरीकडं फिरवली, आणि तिची नजर जिथं पडायची तिथंच पडली. थर्मासवर. थर्मास बोडका हुता. नुसतं आतलं बूच. झाकण न्हाय. आक्का रुमालानं बोटं पुसत हुती, एकेक बोट, सावकाश.

बाकड्याच्या मागं कचऱ्याचा निळा डबा. निशा दोन पावलं सरकली. मावा खाऊन टाकलेल्या पुड्या, पिचकाऱ्या, आणि त्याच्यात ते झाकण. अजून आतनं वाफ येत हुती.

निशाच्या कानात भट्टी पेटली. पण आज्जी तिथं भिंतीला टेकून, कधी न्हाय ते ताठ उभी. निशा डब्याच्या आड उभी ऱ्हायली, आज्जीला दिसू नये म्हणून.

"सरुबाई कोण? आत या!" कारकुनानं दारातनं हाक मारली.

सरकारी वकील मॅडम फायलीतनं डोकं वर न काढता बोलल्या. "आजी, बाहेर आरोपीच्या आईचा चहा घेतलात ना?"

"घेतला की."

"झालं." मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "हिला मी तपासत नाही. फुटलेला साक्षीदार पिंजऱ्यात उभा करून मला माझं तोंड काळं करून घ्यायचं नाही. आधीच एक फितूर झालाय. कागद टाकते, साक्षीदार वगळला."

"वगळला म्हंजे?" निशा पुढं आली. "म्हातारी तयार हाय. इचारा तिला, आत्ता इचारा. दांडा कुणी घातला ते."

"तू कोण?"

"पोराची भण."

"मग बाहेर थांब. तुमचं हे नेहमीचं. केस टाकायची, बोंब मारायची, आणि तारखेला आरोपीच्या मांडीवर बसून चहा प्यायचा. उद्या हायकोर्ट मला विचारेल. तुम्ही कपभर चहावर विकले जाता, आणि बोलणी मी खाते."

कारकून फिसकन हसला.

सरुबाईचे चपला धरलेले हात खाली आले. "मॅडम, मी इकली न्हाय हो गेलो..."

"आजी, वेळ नाही."

निशानं आज्जीकडं बघितलं. आता दोनच वाटा हुत्या. गप बसलं तर आज्जीचा चहा ऱ्हायला असता आणि केस गेली असती. बोललं तर उलटं. ती वळली, पळत बाहीर गेली, डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आक्का ओरडली, "ए, काय करतीस!" तोवर निशा आत, आणि झाकण मॅडमच्या टेबलावर. ठाण्णकन वाजलं. टेबलाच्या काचंवर पिचकारीचा लाल ओघळ आला.

"ह्या झाकणातनं पाजला तिनं चहा. आणि म्हातारीनं तोंड काढल्या काढल्या कचऱ्यात टाकलं. माणूस इकत घेतल्यालं असलं तर त्याचं भांडं असं टाकत्यात व्हय? तुमी सांगा! तुमी शिकल्याल्या हायसा!"



मॅडमनी खुर्ची मागं ओढली. "ते आधी उचल टेबलावरून. शी."

कुणी उचलंना. मग सरुबाई पुढं झाली. चपला खाली ठेवल्या. झाकण हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, चिकटलेली पुडी नखानं काढली आणि नव्या लुगड्याच्या पदरानं पुसायला लागली. आतनं, मग बाहीरनं. निशाकडं तिनं बघितलं न्हाय. मघाचं तोंडावरचं ते गेलं हुतं, आणि निशाला वाटलं, राजवीरचा दांडा आत्ता तिनंच आज्जीला घातला.

मॅडम मात्र फायलीकडं बघत हुत्या. एकदम म्हणाल्या, "म्हणजे उलटतपासात हेच काढणार आरोपीचा वकील. चहापाण्याचे संबंध आहेत, मग जातीवरून शिवी कशी देईल. त्याला उत्तर हे झाकण." पेन परत उघडलं. "साक्ष घेते. पण आजी, विचारलं तेवढंच बोलायचं. रडायचं नाही."

"मी कवा रडलो?" सरुबाई म्हणाली आणि चपला पायात घातल्या.

पिंजऱ्यात ती उभी ऱ्हायली ती चपला घालूनच. झाकण कमरंला खोवलेलं. दांडा कुणी घातला? ह्यानं. काय बोलला? बोलला ते तिनं जसंच्या तसं सांगितलं, शब्द न गाळता, आणि टायपिस्ट बाईची बोटं मधीच थांबली. राजवीर फरशीकडं बघत बसला.

मग त्याचा वकील उठला. गोड आवाज. "आजी, आज सकाळी चहा घेतलात?"

"घेतला."

"आरोपीच्या आईनं दिला? तिच्या स्वतःच्या भांड्यातून?"

"व्हय."

"म्हणजे दोन्ही घरांत खाणंपिणं आहे. जातीपातीचा प्रश्नच येत नाही. बरोबर? दॅट्स ऑल."

"थांबा की, पावणं. माझं संपलं न्हाय."

"विचारलं तेवढंच सांगा."

"तुमीच इचारलंसा की. भांडं कुणाचं ते इचारलंसा, आता भांडं कुठं गेलं ते बी इचारा."

वकिलानं जजसाहेबांकडं बघितलं. जजसाहेबांनी चष्मा खाली केला. "सांगा आजी."

सरुबाईनं कमरंचं झाकण काढून कठड्यावर ठेवलं. "कचऱ्यात गेलं. माझं तोंड लागलं म्हणून. माझ्या नातीनं काढलं." आणि जरा थांबून, "चहा ग्वाड हुता, खोटं न्हाय बोलत."

सरकारी वकील मॅडम टुणकन उठल्या. "नोंद व्हावी, साहेब." जशी काय सगळी त्यांचीच आयडिया. निशानं त्यांच्याकडं असं बघितलं की शेजारचा हवालदार सरकून बसला.

टायपिस्टची बोटं परत चालू झाली. निकाल काय लागला न्हाय. निकाल असा लागतोय व्हय? पुढची तारीख पडली.

जिन्यात आक्का आडवी आली. डोळं लाल. "सरू, माझं झाकण दे."

"टाकलंस न्हवं?" सरुबाई म्हणाली. "टाकल्यालं माझं."

"एवढी वर्सं तुला चहा पाजला मी!"

"वरनं," सरुबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

केएमटीच्या बसमधी आज्जी खिडकीला बसली. निशा म्हणाली, "मला सांगायचं न्हवतं गं, आज्जे."

"मग सांगू नको हुतंस."

उचगाव येईपर्यंत ती मांडीवरचं झाकण पदरानं पुसत ऱ्हायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशा कामाला जाताना फाट्यावर थांबली. आज्जी पाटी मांडून बसलीती. म्हैनाभर बंद असलेला वडापाववाला आज आलता, तोंड कढईकडं करून. आणि वरनं राजवीरची चारचाकी आली, फाट्यावर येऊन जरा हळू झाली.

सरुबाईनं बादलीत झाकण बुडवलं आणि मेथीच्या पेंड्यांवर पाणी मारलं. झाकण उन्हात असं चमकलं की गाडीची काच वर गेली.

"मेथी घ्या, मेथी!" ती ओरडली.