सातवा डोह

ऑफिसात मला वाळवणबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचंच आधी कानावर येतं. नदीत गेलेली बोट असो, दोरी असो की गमबूट, परत आल्यावर धुऊन पाच दिवस खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात न्यायचा नाही, हा नियम माझा. मीच लिहिला, मीच शेडच्या दारावर चिकटवला आणि पंधरा वर्षं लोकांच्या डोक्यावर बसून पाळायला लावला. दोरी दमट लागली म्हणून मी भल्याभल्यांना परत पाठवलंय. मोठ्या साहेबांनासुद्धा. त्यांनी चार दिवस अबोला धरला. म्हटलं, धरा, तोवर दोरी वाळेल.

हे सगळं केसाळीपायी. केसाळी म्हणजे पाण्याखाली वाढणारं गवत, मोकळ्या केसांसारखं लांबच लांब. आमच्या पाण्यातलं नव्हे ते, बाहेरून आलेलं. कोणी म्हणतं शोभेच्या माशांच्या टाकीतून आलं. त्याला बी लागत नाही. नखाएवढा तुकडा तुटला तरी जिथे अडकेल तिथे जीव धरतो आणि चार-सहा वर्षांत अख्खा डोह गिळतो. मग खाली मासा राहत नाही आणि वर बोट सरकत नाही. मोठी नदी त्याने खाल्लीच होती. उरली होती फक्त वरची शाखा. नदी वाचवायचा दहा वर्षांचा आराखडा आम्ही करत होतो, तो सगळा त्या एका शाखेच्या जिवावर. ती स्वच्छ आहे, ती स्वच्छ ठेवायची आणि तिथले मासे, तिथले शिंपले पुढे मोठ्या नदीत परत सोडायचे.

आराखडा द्यायला तीन आठवडे उरले होते आणि पाहणीचा कागद आला. वरच्या शाखेत केसाळी सापडली होती. सहा ठिकाणी.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. सहा डोहांवर सहा लाल ठिपके. आभाळातून तर पडली नसेल, ते म्हणाले, कोणीतरी आणली. आणि कोणी, तेही त्यांनीच सांगून टाकलं. शाखेच्या काठावर जाळी टाकून पोट भरणारी वीसेक घरं आहेत, त्यांच्या बोटी इकडे-तिकडे फिरतात. बोटबंदी करायची, हेच आराखड्याचं पहिलं कलम. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला म्हणाले, बाई, कलम तुम्ही लिहा, तुमची भाषा कडक असते.

मी वहीत कलमाचा आकडा उतरवून घेतला. एरवी मी वाद घातल्याशिवाय काही उतरवून घेत नाही, तेव्हा एक-दोघांनी वळून पाहिलं. मला ते सहाही ठिपके ओळखीचे होते. ते मीच पेरले होते.

माझा धाकटा भाऊ वरच्या शाखेवर कामाला होता. त्याला सगळे बुच्या म्हणायचे, कारण लहानपणी त्याला पाण्यात कितीही दाबा, बुचासारखा टुणकन वर यायचा. वरच्या वळणावर जुनं पंपघर आहे, त्याच्या भिंतीवर पाण्याची मोजपट्टी. रोज सकाळी सातला ती वाचायची आणि मला फोन करून आकडा सांगायचा, एवढंच त्याचं काम. "ताई, लिही," म्हणायचा. आकडा जास्त असला की म्हणायचा, आज पाणी तुझ्या नाकावरच्या रागाएवढं आहे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी फोन आला नाही. दुपारी त्याची बोट बरीच खाली, पालथी सापडली.

शोधपथकाने दोन दिवस खालचं पाणी ढवळलं, कारण बोट खाली सापडली होती. माझं म्हणणं, वर बघा. कोणी ऐकेना. शेवटी मी ऑफिसची बोट घेतली. ती त्याच सकाळी मोठ्या नदीतून आली होती. दोरीतून पाणी गळत होतं आणि तिच्या टोकाला तळ धुंडाळायचा जो लोखंडी गळ असतो त्याच्या तीन आकड्यांना केसाळीच्या बटा लोंबत होत्या. पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं पाहिलं. हाताला लागली तेवढी ओढून टाकली आणि गेले. पाच दिवस वाळवत कोण बसतं? भाऊ होता माझा.

खालून वर जात सहा डोहांत गळ टाकला. सहाही वेळा तो रिकामा आला आणि दर वेळी मला हायसं वाटलं. शेवटी त्या हायसं वाटण्याचीच मला भीती वाटायला लागली. मग आला सातवा डोह, पंपघराखालचा. सगळ्यात खोल. बुच्या तिथेच बोट बांधून डबा खायचा. असला तर तो इथेच, हे मला पंपघर दिसताक्षणी कळलं. ऊन होतं, हातात ताकदही होती. मी गळ हातात घेऊन बसून राहिले, किती वेळ ते आता सांगता येणार नाही. मग तो तसाच बोटीत ठेवला आणि बोट वळवली.

घरी आई दारात उभी होती. मी सांगितलं, सगळे डोह पाहिले, कुठे नाही.

आईने त्याचा सरळ अर्थ काढला. पाण्यात नाही म्हणजे जिवंत आहे. डोक्याला मार लागला असेल, कुठेतरी पोचला असेल, आठवण आली की येईल. त्या दिवसापासून तिने दाराला कडी लावली नाही. चोर येतील म्हटलं तर म्हणायची, न्यायला आहे काय आपल्याकडे? जेवताना एक ताट जास्तीचं पालथं ठेवायची. लोक देव पाण्यात घालून बसतात. मी भाऊ पाण्यात ठेवून बसले आणि आईला दाराशी बसवलं.

महिन्याभरात पंपघरावर आपोआप मोजणारं यंत्र बसलं. आकडे थेट माझ्या कॉम्प्युटरवर यायला लागले. पहिल्याच आठवड्यात मला दिसलं, रोज सकाळी सातला तिथलं पाणी दोन बोटं चढतं आणि लगेच उतरतं. घाटावर कोणी पाण्यात उतरलं की कसं हलतं, तेवढंच. तंत्रज्ञाला विचारलं. बोट जात असेल, तो म्हणाला. सातला तिथून एकही बोट जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने यंत्र बदललं, तरी तेच. मग मी रोज सव्वासातला तो आकडा खोडून पुढे 'त्रुटी' लिहायला लागले. हजाराच्या वर सकाळी मी माझ्या भावाला खोडलंय.

आणि एक बरणी होती. त्या दिवशी परत येताना गळाला एक बट उरली होती, ती मी पाण्याच्या बरणीत घालून ऑफिसच्या खिडकीत ठेवली. का, ते विचारू नका. ती मरेना. कापली, वाढली. अंधारात ठेवली, वाढली. घरी न्हाणीघराच्या जाळीत माझेच केस अडकलेले दिसले तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

तर त्या दिवशी नकाशा गुंडाळून घरी आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि कडक भाषेतलं कलम लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. पेन पुढे जाईना. वीस घरांच्या पोटावर पाय द्यायचा, तोही माझ्या पापासाठी! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि बरं, केसाळी अजून कोवळी होती. जागा नेमक्या ठाऊक असतील तर पाणी चढायच्या आत हाताने मुळासकट काढता येते. शाखा वाचू शकत होती. फक्त कोणीतरी खरं बोलायला हवं होतं.

आई भाजी निवडत समोर बसली होती. शाखेचे डोह तिला तोंडपाठ, बुच्या रोज येऊन तेच सांगायचा. तिने चष्मा लावला आणि नकाशा आपल्याकडे ओढला. हे लाल काय, तिने विचारलं. मी म्हटलं, केसाळी. कोणी आणली? मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. गळ ओला होता, त्याला बटा होत्या, मी धुतला नाही. जिथे जिथे त्याला शोधायला गळ टाकला, तिथे तिथे ती उगवली.

आई रागावली नाही. तिने एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, मी त्याला किती शोधलं ते ती पाहतेय, आणि मला रडू यायला लागलं. तिचं बोट सहाव्या ठिपक्यावरून पुढे सरकलं आणि पंपघराच्या वळणावर थांबलं. तिथे नकाशा कोरा होता.

"इथं का नाही उगवली?"

मी नकाशाची वळलेली कड सरळ केली.

"इथं टाकलाच नव्हतास?"

"नाही, आई."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. मग आई उठली. भाजीची ताटली ओट्यावर ठेवली, जास्तीचं ताट फडताळात नेऊन ठेवलं आणि दारापाशी जाऊन कडी लावली. तीन वर्षं न हललेली कडी गंजली होती. तिला दोन्ही हातांनी जोर करावा लागला. मी तिच्या पायाशी बसून लहान मुलीसारखी रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत.

सकाळी साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. कलम फाडलं, बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, नोकरी घ्यायची तर घ्या, पण त्या लोकांच्या बोटी बंद करू नका. उलट त्यांनाच हाताशी धरा, डोहांची माहिती त्यांनाच आहे. साहेब आधी लाल झाले, मग त्यांना सातव्या डोहाचं कळलं आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. माणूस वाईट नाही. म्हणाले, नोकरीचं नंतर बघू. शोधपथकाची बोट खाली मोठ्या नदीत आहे, तीच लगेच वर बोलावतो, तुमचा नियम आज राहू दे बाजूला.

मी हो म्हणणारच होते. आई दारात उभी होती, माझ्या मागोमाग आली होती ते मला कळलंच नव्हतं.

"वाळू दे," ती म्हणाली. "एकदा ओल्या दोरीनं गेलीस. आता कोरडी जा."

बोट धुतली, दोरी धुतली, गळ कडकडीत पाण्यातून काढला. शेडमागच्या उन्हात सगळं मांडलं. आई रोज सकाळी येऊन दोरी चाचपायची, आतले पीळ उलगडून बोट घालायची आणि मान हलवायची. ऑफिसातली पोरं शेडपाशी हळू आवाजात बोलायची. वाळवणबाई कोणी म्हटलं नाही. सातला मी कॉम्प्युटरपुढे बसायचे. त्या पाच दिवसांत पंपघराखालचं पाणी एकदाही हललं नाही. सरळ रेघ. खोडण्यासारखं काही नव्हतं.

सहाव्या दिवशी निघालो. पथकातले दोघे जण, आई आणि मी. पथकाच्या माणसाने गळासाठी हात पुढे केला, मी दिला नाही. पंपघराखाली बोट उभी केली तेव्हा सात वाजले होते. पाणी काळं आणि गार होतं. मी गळ सोडला. दोरी हातातून सरकत गेली, सरकत गेली आणि सैल पडली. थोडी ओढली. तळाशी कशालातरी जड अडकली.

मी दोरी दोन्ही हातांनी धरून हिसका द्यायला गेले. आईने पुढे वाकून माझ्या हातांखाली दोरी धरली. लहानपणी बुच्याला झोपेतून उठवायचं काम माझ्याकडे असायचं आणि मी पांघरूण खसकन ओढायचे. तेव्हा स्वयंपाकघरातून ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात ती म्हणाली,

"हळू गं. दचकतो तो."