जुन्या मापाची कवळी

सून कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या बाकावर रोज सकाळी सासूबाई येऊन बसायच्या, तोंडातली कवळी काढून तळहातावर धरायच्या आणि येईल त्याला दाखवायच्या.

"घरच्या माणसाला असले दात देते. तुम्ही तर परके."

माणसं दारातूनच मागे फिरायला लागली. दुकान बंद पडलं तर दिवसभर सासूबाईंच्या समोर राहावं लागेल, या धास्तीनं सून मुकाट्यानं नवी कवळी करायला बसली. माप मात्र तिनं घेतलं नाही. माप घ्यायचं म्हणजे त्यांच्या तोंडात बोटं घालायची, आणि दात नसलेल्या तोंडाची एवढी भीती तिला जन्मात कधी वाटली नव्हती. सासूबाईंनाही तिचे हात नकोच होते. फळीवर ठेवलेल्या त्यांच्या जुन्या मापाच्या ठशावरच काम उरकलं.

"रुततात," नवी कवळी घालताच सासूबाई म्हणाल्या. "मुद्दाम आवळलेस. मी बोलू नये म्हणून."

"तसं जमलं असतं तर केव्हाच केलं असतं, आई."

"बघा, कबूल करतेय," सासूबाईंनी बाकावरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं. ते उठून गेलं.

सुनेचं डोकं सणकलं. "उघडा तोंड," म्हणत तिनं माप घ्यायचा साचा आत सरकवला. तो बसेचना. पहिल्या कवळीच्या वेळी हाच साचा अलगद बसला होता. तिनं बोट फिरवलं. टाळूच्या दोन्ही बाजूंचं हाड दगडासारखं फुगलं होतं. तिचा हात तिथेच थांबला.

"कधीपासून दुखतंय?"

"केव्हापासून ओरडतेय. तुला ती कुरकुर वाटली."

हॉस्पिटलात एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाल्या, हाडाचाच आजार आहे. उतारवयात काही जणांचं हाड असं वेडंवाकडं वाढून जाड होतं. औषधानं आटोक्यात राहील, कवळी मात्र अधूनमधून बदलावी लागेल.

"म्हणजे दोष माझ्या दातांचा नव्हता," बाहेर पडताना सून म्हणाली.

"आणि जुन्या मापावर केले कुणी? डॉक्टरांनी?"

घर येईपर्यंत दोघी रस्त्याच्या दोन कडांनी चालल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बाकावर हजर. दारात एक बाई घुटमळत होत्या. आत सुनेनं श्वास रोखला.

"या," सासूबाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "दात बरे करते. माझंच हाड वाढलं. हिचा ताठा मात्र माहेरून आलेला."

बाई हसत आत आल्या.

"आणि माप समोर घ्यायला लावा," सासूबाईंनी मागून बजावलं. "आळशी आहे."