सणाचा भाग, खालच्या ओळींसह

छापखान्यात तिला सगळे कानाबाई म्हणायचे. तीस वर्षं मुद्रितं तपासताना सुटलेला एकही काना तिच्या पेन्सिलीतून निसटला नव्हता, म्हणून हे नाव पडलं. पुढे एका तापात तिचे दोन्ही कान गेले, तेव्हा लोक हे नाव घ्यायला कचरू लागले. तिनंच सगळ्यांना बजावलं, "कान गेलेत, काना शाबूत आहे. नाव बदलायचं नाही."

बाकी सगळ्याशी तिनं जुळवून घेतलं. एका गोष्टीशी मात्र काही केल्या जमेना, ती म्हणजे टीव्हीवरचे सणाचे भाग.

मालिका कुठलीही असो, वर्षातून एकदा सणाचा भाग यायचाच. स्वयंपाकाचा बोजवारा, ऐन वेळी गेलेली वीज, रुसून गेलेला मुलगा दारात आणि शेवटी सगळे एका टेबलाशी. पुढे काय होणार हे आंधळ्यालाही दिसावं, पण कानाबाई सात वर्षांची असल्यापासून त्यावर जीव टाकून होती. शेजारच्या शिंपीणकाकूंच्या घरी चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून तिनं पहिला सणाचा भाग पाहिला होता, एका स्टेशनमास्तरच्या कुटुंबाचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं सासूला सांगून टाकलं होतं, "सणाला पडेल ते काम करीन, पण तो पाऊण तास माझा." सासू आ वासून बघत राहिली, आणि तिसऱ्या वर्षी गुपचूप शेजारी येऊन बसली.

आता घरात दोघीच होत्या, ती आणि तिची थोरली नणंद. नणंदेनं सारी नोकरी टेलिफोन केंद्रात फोन जोडण्यात घालवलेली. तिच्या ओठांवरचं कानाबाईला छापल्यासारखं वाचता यायचं, पण टीव्ही चालू असला की तोही उपाय चालेना.

"ती का रडतेय, वन्सं?"

"थांब गं, आधी मला ऐकू दे!"

नणंद सांगायला वळेपर्यंत पडद्यावरची बाई रडून, डोळे पुसून, हसायलाही लागलेली असायची.

अशात पेपरात आलं की सणाच्या आठवड्यात वाहिनी बारा जुन्या मालिकांचे सणाचे भाग पुन्हा दाखवणार. यादीत स्टेशनमास्तरची मालिकाही होती. कानाबाईनं वाहिनीला पत्र लिहिलं: बोलणं खाली ओळींत लिहून दाखवा. उत्तर नाही. दुसरं पत्र लिहिलं, तेही गडप. तिसऱ्या वेळी ती स्वतःच जाऊन थडकली.

कार्यक्रम अधिकारी तरुण होता, वागायला चांगला, पण कामानं पिचलेला. तिनं वही पुढे केली, त्यानं लिहिलं: 'जुन्या सहिंता हरवल्या आहेत. ऐकून लिहायला माणसं नाहीत. वीसच दिवस उरलेत.'

कानाबाईनं आधी 'सहिंता'वरचा अनुस्वार पेन्सिलीनं उचलून जागच्या जागी बसवला. मग खाली लिहिलं: 'माणसं आहेत. दोन.'

घरी येताना तिच्या पिशवीत नमुन्याचा एक भाग होता आणि हाताशी दोन दिवस.

"कुणाला विचारून दोन लिहिलंस?" नणंद कडाडली.

"तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हणालेच असते!" असं म्हणत नणंदेनं हेडफोन कानांवर चढवला.

जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. नणंद एक वाक्य ऐकायची, थांबवायची, कानाबाईकडे तोंड करून सावकाश म्हणायची. कानाबाई टाइप करायची. मग ती ओळ चित्राबरोबर चालवून बघायची. वाचून व्हायच्या आत गेली, तर छाटायची. दोन दिवसांनी अधिकाऱ्यानं आवाज पूर्ण बंद करून तो भाग बघितला. अर्ध्यात त्याला खुदकन हसू आलं. उरलेले अकरा भाग त्यानं तिथल्या तिथे तिच्या हवाली केले.

पाठी धरल्या, डोळे चुरचुरले. सातव्या भागाला नणंदेनं हेडफोन आपटला. "वहिनी आणि वाहिनी, एका कान्याचा काय तो फरक! दोघी मिळून माझा जीव घेणार."

"पाच मिनिटं विश्रांती घ्या," कानाबाई म्हणाली, आणि सहाव्या मिनिटाला तिनं हेडफोन परत तिच्या हातात ठेवला.

स्टेशनमास्तरचा भाग तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. शेवटच्या दृश्यात मुलगा दारात उभा राहिला. नणंद काही सांगायच्या आतच कानाबाईनं आईचं वाक्य टाइप केलं: 'उशीर झाला, पण आलास ना!' हे वाक्य तिनं जन्मभर वापरलं होतं. कामावरून रखडत आलेल्या नवऱ्याला, रुसलेल्या भावाला, सगळ्यांना.

नणंदेनं नकारार्थी मान हलवली. मागे नेऊन तीनदा ऐकलं. "ती म्हणते, 'उशीर केलास. हात धुऊन ये.'"

"काहीतरीच! मला पाठ आहे ते."

"वहिनी, वादळात तारा कडकडत असताना मी फोन जोडलेत. हे ऐकायला मी चुकेन?"

कानाबाईनं नाक पडद्याला टेकेल इतकं जवळ जाऊन आईचे ओठ बघितले. 'धुऊन'पाशी झालेला चंबू स्वच्छ दिसत होता. ती उठून खिडकीपाशी गेली. गाठोड्यावर बसलेल्या पोरीनं ते गोड वाक्य स्वतःच रचलं होतं तर. पण लेखकाच्या वाक्यात स्वतःचं घुसडणाऱ्यांना तिनं छापखान्यात कधी माफ केलं नव्हतं. ती परत येऊन बसली, वाक्य खोडलं आणि आईनं म्हटलेलं लिहिलं.

"माझं जास्त चांगलं होतं," ती म्हणाली.

"होतं," नणंद म्हणाली. "पण तुझं होतं."

मुदतीच्या एक दिवस आधी बाराही भाग पोचते झाले. सणाच्या आठवड्यात दोघी टीव्हीपुढे बसल्या. पहिल्याच भागात धांदरट काका खीर सांडतो आणि मांजरावर आळ घेतो, तिथं दोघी एकाच क्षणी हसल्या. नणंद सवयीनं सांगायला वळली आणि कानाबाई आधीच हसतेय हे पाहून तशीच थांबली. मग दोघींना ते हसू आवरेना.

आठवड्याभरात वाहिनीकडे पत्रांचा ढीग आला. एकानं लिहिलं होतं, 'वडील नेहमी टीव्ही लागला की खोलीत निघून जायचे. या वेळी शेवटपर्यंत बसले.' अधिकाऱ्यानं बोलावून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'रोजच्या मालिकांचंही काम घ्याल?'

'घेऊ,' कानाबाईनं लिहिलं, 'पण आधी लेखी द्या. यापुढे सणाचा एकही भाग ओळींशिवाय जाणार नाही.'

तो साहेबांना विचारायला गेला. परत यायला त्याला तास लागला. तोवर ती खुर्चीवरून हलली नाही. तो आला तो सही-शिक्क्याचा कागद घेऊनच. कानाबाईनं तो शब्दन् शब्द वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला.

सोमवारपासून वाहिनीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत दोन खुर्च्या लागल्या. नणंदेनं पाठीला उशी मागून घेतली.