मास्तरीणबाईचं टेबल

शिवणकामाच्या कारखान्यात सतरा वर्षं कापड कापणाऱ्या मास्तरीणबाईच्या स्तनाच्या फोटोत चिमूटभर मीठ सांडावं तसे पांढरे ठिपके दिसले. हाताला गाठ लागत नव्हती, दुखत तर मुळीच नव्हतं. सुईने तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर नळी काढून दाखवली.

"दुधाच्या नळीतल्या पेशी बिघडल्यात. नळीची भिंत त्यांनी ओलांडलेली नाही. ही शून्य पायरी, पहिलीच्याही आधीची."

"म्हणजे कॅन्सर आहे की नाही?"

"आहे, पण आतल्या आत कोंडलेला. पुढे भिंत फोडेल की जन्मभर तसाच बसेल, हे आज सांगता येत नाही. म्हणून काढायचा. सगळा स्तन नाही, तेवढाच भाग, भोवती चांगली कड घेऊन. मग किरणं आणि काही वर्षं रोज एक गोळी."

घरी तिने हे जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तिच्याच कारखान्यात बटणं लावणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी मात्र एकच शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी हिचा पेला वेगळा झाला आणि जाऊबाईंच्या मुलांना ताकीद मिळाली, "काकूच्या अंगाला लागू नका."

ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याच्या एका कडेला बिघडलेल्या पेशी अगदी टोकाशी सापडल्या, म्हणून पुन्हा भूल घ्यावी लागली. जखम ओली असतानाच तिला कळलं, की जाऊबाईंनी मालकांच्या कानात घातलंय, "ती आता चार दिवसांची सोबती. सगळीकडे पसरलंय." आणि मालकांनी टेबल, कात्री, सगळं जाऊबाईंच्या हवाली केलंय.

किरणांच्या खोलीत हात डोक्यावर घेऊन निपचित पडावं लागे. कातडी भाजल्यासारखी लाल झाली. तिथे बाया देवाचं नाव घेत. ही जाऊबाईंचं घेई.

"दातओठ खाऊ नका, अंग हलतंय," पलीकडून यंत्रवाला म्हणाला.

किरणं संपल्यावर ती कामावर गेली. मालक नजर चुकवत म्हणाले, "तुम्ही आता हलकं काम करा. बटणं लावा."

"लावते," ती म्हणाली.

महिन्याभराने गणवेशाचं मोठं काम आलं. जाड, कोरं सुती कापड. मास्तरीणबाईने कोपरा चिमटीत धरला आणि ओळखलं. हे धुवून वाळवल्याशिवाय कापलं तर आटणार. जाऊबाई थेट कात्री चालवत होत्या. एकदा त्यांनी वर पाहिलं, पण विचारलं नाही. हिने सुईत दोरा ओवला.

पहिल्याच धुलाईनंतर गणवेश परत आले. बाह्या कोपराशी चढलेल्या.

"तुम्हाला कळलं नव्हतं?" मालकांनी मास्तरीणबाईला विचारलं.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी चार दिवसांची सोबती. मला कोण विचारतंय?"

मालक वरमले. टेबल परत घ्या म्हणाले. तिने एक अट घातली. दुपारी सगळी यंत्रं बंद झाली आणि जाऊबाईंना चाळीस बायांसमोर सांगावं लागलं, की हिचा रोग पसरला नव्हता, तो पेल्यातून लागत नाही, आणि मी खोटं बोलले. शेवटचे दोन शब्द तोंडातल्या तोंडात आले.

"ऐकू नाही आलं, जाऊबाई."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

तेवढ्यावरही तिचं मन भरलं नाही. "शेवटचा फोटो कधी काढलात?" तिने घरी विचारलं. जाऊबाईंनी कधीच काढला नव्हता. "उद्या चला माझ्याबरोबर."

"मला काही होत नाहीये गं."

"मला तरी कुठे होत होतं?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाई त्या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. अहवाल यायला तीन दिवस लागले. त्या तिन्ही दिवसांत जाऊबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि ही समोर बसून दोन्ही वेळा पोटभर जेवली.

अहवाल स्वच्छ आला. जाऊबाई बाकावरच रडल्या. मास्तरीणबाईला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, काहीतरी हातचं निसटल्यासारखं. असं वाटावं याची तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

"दरवर्षी यायचं," अहवाल पिशवीत टाकत ती म्हणाली. "मी आणीन तुम्हाला. विसरणार नाही."